ज्या पाण्यात काहीच नव्हते

युरोपातील आरोग्यस्नानांच्या गावांची परंपरा मोठी आहे, आणि त्यांतील बहुतेक गावांची कीर्ती त्यांच्या पाण्यात काय आहे, या एका गोष्टीवर उभी राहिलेली आहे. इंग्लंडातील बाथ या नगरीत भूगर्भातून सुमारे ४६ अंश सेल्सिअस उष्णतेचे पाणी अखंड वर येते, म्हणून रोमन लोकांनी तेथे स्नानगृहे आणि देवालय बांधले. यॉर्कशायर प्रांतातील हॅरोगेट येथे १५७१ साली विल्यम स्लिंग्सबी या गृहस्थाला लोहयुक्त झरा आढळला, आणि पुढे तेथील गंधकाच्या पाण्याचा उग्र दर्प हीच त्याच्या औषधीपणाची साक्ष मानली गेली. वज्रेश्वरीच्या किंवा उन्हवऱ्याच्या कुंडांत ज्यांनी स्नान केले आहे, त्या मराठी वाचकांना ही विचारसरणी परकी वाटणार नाही. परंतु हॅरोगेटपासून थोड्याच मैलांवर, व्हार्फ नदीच्या खोऱ्यात, इल्क्ली नावाचे एक गाव आहे, ज्याने एके काळी या सर्वांच्या पंक्तीत मानाचे पान मिळविले, आणि ज्याच्या पाण्यात मात्र उष्णता नव्हती, लोह नव्हते आणि गंधकही नव्हते. ते पाणी केवळ थंड होते आणि निर्मळ होते. त्यात काहीच नव्हते, हाच त्याचा गुण होता. या एका गुणाचा माग धरून गेले असता त्या गावाचा, त्याच्या माथ्यावरील माळाचा आणि त्याच्या पायथ्याशी वाहणाऱ्या नदीचा अर्थ जसा उलगडतो तसा दुसऱ्या कोणत्याही वाटेने उलगडत नाही. म्हणून या प्रकरणात आपण गावातून झऱ्याकडे, झऱ्यावरून माळमाथ्याकडे, आणि माथ्यावरून ओढ्याच्या संगतीने पुन्हा नदीकडे, अशी पाण्याच्याच मार्गाने परिक्रमा करणार आहोत.

लीड्सहून निघालेली आगगाडी सुमारे अर्ध्या तासात इल्क्लीला पोहोचते, आणि तेथेच थांबते. पूर्वी पुढे स्किप्टनपर्यंत जाणारा फाटा १९६५ साली बंद झाला. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच गावाची रचना एका दृष्टिक्षेपात ध्यानी येते. उत्तरेस उताराच्या तळाशी व्हार्फ नदी. तिच्या काठी जुने चर्च आणि जुनी वस्ती. मध्यभागी झाडांच्या सावलीतला, दुकानांचा आणि चहागृहांचा ग्रोव्ह नावाचा रस्ता. आणि दक्षिणेस, घरांच्या छपरांवर जणू छातीचा कोट करून उभा असलेला, करड्या आणि तपकिरी रंगांचा उघडा माळ. इंग्रजीत ज्याला मूर म्हणतात त्याला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. आपल्या माळाचे मोकळेपण, कोकणातील सड्याचा खडकाळपणा आणि सह्याद्रीच्या पठारावरचा वारा, हे तिन्ही एकत्र करावे, त्याखाली पाण्याने फुगलेल्या काळ्या मातीचा जाड थर अंथरावा, आणि वर वर्षातील बहुतेक दिवस खाली उतरलेले आभाळ ठेवावे, म्हणजे मूरची काहीशी कल्पना येईल. इल्क्लीचा हा माळ रॉम्बल्ड्स मूर नावाच्या विस्तीर्ण पठाराचा उत्तरेकडील भाग असून त्या पठाराचे सर्वोच्च स्थान समुद्रसपाटीपासून ४०२ मीटर उंच आहे. सह्याद्रीच्या मानाने ही उंची किरकोळ वाटेल, पण तेथील अक्षांश आणि पश्चिमेकडून येणारे समुद्रवारे यांमुळे एवढ्या उंचीवरही हवामान असे कठोर होते की मोठे वृक्ष क्वचितच तग धरतात. या मुलखात ओढ्याला बेक, घळीला घिल, डोंगरातल्या तळ्याला टार्न आणि खोऱ्याला डेल म्हणतात. हजार वर्षांपूर्वी येथे वसाहती करणाऱ्या नॉर्स लोकांच्या भाषेचे हे अवशेष असून पाण्याची आणि उताराची नावे त्यांनी दिली ती दिली, ती कोणत्याही राजवटीच्या दप्तराला बदलता आली नाहीत.

पाणी निर्मळ का, याचे उत्तर खडकात आहे. सुमारे बत्तीस कोटी वर्षांपूर्वी, ज्याला भूशास्त्रज्ञ कार्बनी कालखंड म्हणतात त्या काळात, उत्तरेकडून येणाऱ्या एका महानदीने येथे समुद्राच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश रचला; तिने वाहून आणलेली जाड वाळू थरांवर थर साचून घट्ट झाली, आणि तिचा जो खरखरीत, कणखर वालुकाश्म बनला त्यापासून पुढे जात्याच्या तळ्या घडविल्या जात असल्यामुळे त्याला मिलस्टोन ग्रिट, म्हणजे जात्याचा दगड, हेच नाव पडले. माळावर पडलेला पाऊस या दगडाच्या भेगांतून खाली झिरपतो, मधल्या शेल नावाच्या चिवट थरावर अडतो, आणि जेथे तो थर उतारावर उघडा पडतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. या प्रवासात त्याला चुनखडी जवळजवळ भेटतच नाही, विरघळण्याजोगे क्षारही फारसे भेटत नाहीत. म्हणून ते पाणी मृदू राहते. याच मृदू पाण्यात लोकर उत्तम धुतली जाते आणि रंग चांगला धरते, हे यॉर्कशायरच्या पश्चिम भागातील लोकरीच्या धंद्याच्या भरभराटीचे एक मोठे कारण होते. ब्रॅडफर्ड आणि लीड्स येथील गिरण्यांनी त्या पाण्यावर संपत्ती निर्माण केली, कोळशाच्या धुराने आपले आकाश काळे केले, आणि त्या धुराने छाती आणि धावपळीने मज्जातंतू थकलेले गिरणीमालक व व्यापारी मग आरोग्याच्या शोधात त्याच डोंगररांगेच्या माथ्यावर, त्याच पाण्याच्या उगमाशी येऊन पोहोचले. ज्या पाण्याने त्यांना श्रीमंत केले तेच पाणी त्यांना बरे करील, अशी त्यांची श्रद्धा होती.

गावातून वेल्स रोड नावाचा रस्ता सरळ माळाकडे चढतो, आणि तो संपल्यावर पायवाटेने थोडे वर गेले की डोंगराच्या कडेला एक लहानसे पांढरे घर दिसते. हेच व्हाइट वेल्स. येथील झऱ्यावर अठराव्या शतकात मिडल्टन या जमीनदार घराण्याने स्नानकुंडे बांधविली. दगडाने बांधलेल्या त्या खोल गोलाकार कुंडात डोंगराच्या पोटातले पाणी आजही वाहते. आजाऱ्यांना व वृद्धांना वर नेण्यासाठी गाढवे भाड्याने मिळत. पण ज्याला शक्ती होती त्याने पायी चढावे, थंडगार कुंडात क्षणभर बुडी मारावी, अंग खसखसून पुसावे आणि ऊब येईपर्यंत माळावर चालावे, असा प्रघात होता. आजही त्या घरावर निशाण फडकत असले म्हणजे आत चहा मिळतो आणि कुंड पाहता येते, अशी खूण गावकऱ्यांत रूढ आहे. खालच्या रस्त्यावरून जाणारा माणूस मान वर करून निशाण पाहतो आणि त्यावरून चढायचे की नाही ते ठरवितो.

या स्थानिक प्रघाताला शास्त्राचे स्वरूप मिळाले ते एका दूरच्या शेतकऱ्यामुळे. त्या वेळच्या ऑस्ट्रियन सायलेशियातील ग्रेफेनबर्ग या डोंगरी गावी व्हिन्सेंट प्रिस्निट्झ (१७९९–१८५१) या शेतकऱ्याने थंड पाणी, मोकळी हवा, साधे अन्न आणि भरपूर चालणे यांवर आधारलेली उपचारपद्धती सुरू केली, आणि थोड्याच वर्षांत राजेरजवाड्यांपासून सैनिकांपर्यंत सर्व युरोप त्या गावाची वाट धरू लागला. लीड्सचे महापौरपद भूषविलेले व्यापारी हॅमर स्टॅन्सफेल्ड हे तेथे जाऊन आले, त्या उपचारांनी प्रभावित झाले, आणि परतल्यावर त्यांनी इल्क्लीच्या पूर्वेस माळाच्या उतारावर एका भव्य जलोपचारगृहाची तजवीज केली. १८४४ साली उघडलेले हे बेन ऱ्हिडिंगचे जलोपचारगृह इंग्लंडातील या प्रकारच्या आद्य संस्थांपैकी एक होय. त्याची वास्तू विसाव्या शतकाच्या मध्यास पाडण्यात आली, परंतु त्याच्यावरून त्या वस्तीला आणि पुढे झालेल्या रेल्वे स्थानकाला जे नाव पडले ते मात्र टिकून आहे.

त्या उपचारगृहांतील दिनक्रम कडक असे. पहाटे रुग्णाला ओल्या चादरीत आणि वरून घोंगड्यांत घट्ट लपेटून ठेवीत. घाम सुटला की थंड पाण्याने स्नान. मग न्याहारीपूर्वी माळावर दोन-तीन मैलांची फेरी आणि वाटेतल्या झऱ्याचे पेलाभर पाणी. दिवसा कटिस्नान, उंचावरून सोडलेली पाण्याची धार, पुन्हा चालणे. मद्य व तंबाखू वर्ज्य. आणि रात्री लवकर निद्रा. मराठी वाचकाला ही यादी कोठेतरी ऐकल्यासारखी वाटली तर त्यात नवल नाही, कारण प्रिस्निट्झपासून निघालेला हाच प्रवाह जर्मनीत लुई कुन्हे आणि अॅडोल्फ युस्ट यांच्या ग्रंथांतून वाहत महात्मा गांधींपर्यंत आला. गांधीजींनी त्या ग्रंथांचे प्रयोग स्वतःवर आणि आपल्या कुटुंबीयांवर केले, आणि १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचन येथे ज्या निसर्गोपचार आश्रमाची स्थापना त्यांनी केली तेथील मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, मिताहार आणि सकाळचा फेरफटका यांचे कुळ पाहू गेल्यास त्याची एक शाखा युरोपातील या थंड पाण्याच्या डोंगरगावांशी जाऊन मिळते.

इल्क्लीच्या उपचारगृहांपैकी सर्वांत डौलदार ते वेल्स हाऊस. लीड्सचा भव्य टाउन हॉल ज्याने रचला त्याच कथबर्ट ब्रॉड्रिक या वास्तुशिल्पज्ञाने त्याचा आराखडा काढला, आणि १८५६ साली व्हाइट वेल्सच्या खालच्या बाजूस ते उघडले. याच वास्तूत १८५९ च्या ऑक्टोबरच्या आरंभी एक पन्नास वर्षांचा, पोटाच्या विकाराने वर्षानुवर्षे गांजलेला गृहस्थ उतरला. आपल्या ग्रंथाची शेवटची मुद्रिते नुकतीच तपासून तो दमलेला होता. तो चार्ल्स डार्विन, आणि तो ग्रंथ म्हणजे जीवजातींच्या उत्पत्तीवरचा तो युगप्रवर्तक प्रबंध. डार्विनला जलोपचार नवे नव्हते. दहा वर्षांपूर्वी माल्व्हर्न येथे डॉक्टर गली यांच्याकडे त्याने ते प्रथम घेतले होते. इल्क्लीत काही दिवसांनी त्याचे कुटुंबही येऊन मिळाले, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सुमारे नऊ आठवडे, त्याचा मुक्काम येथे होता. मुक्काम सुखाचा झाला नाही. घोटा मुरगळला, पायाला सूज आली, अंगावर गळवे उठली, आणि यॉर्कशायरचा तो शरद ऋतू कडाक्याचा थंड होता. तरीही याच गावातून त्याने आपल्या ग्रंथाच्या भेटप्रतींबरोबर पाठवावयाची पत्रे लिहिली. मलाया द्वीपसमूहात हिंडणाऱ्या आल्फ्रेड रसेल वॉलेसला, ज्याने स्वतंत्रपणे तोच सिद्धान्त शोधून काढला होता, १३ नोव्हेंबरला येथूनच पत्र गेले. आणि २४ नोव्हेंबर १८५९ रोजी लंडनला जेव्हा तो ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या १२५० प्रतींना पुस्तकविक्रेत्यांकडून एका झपाट्यात मागणी आली, तेव्हा त्याचा कर्ता या माळाच्या कुशीत, थंड पाण्याचे उपचार घेत होता. मनुष्याच्या स्वतःविषयीच्या कल्पनेला ज्या ग्रंथाने मुळापासून हलविले, त्याच्या जन्माची घटका इल्क्लीच्या वहीत अशी नोंदली गेलेली आहे.

या उपचारांनी माणसे बरी होत की नाही? आजचे वैद्यकशास्त्र ओल्या चादरीला रोगनिवारक मानणार नाही, आणि डार्विनची प्रकृतीही येथे सुधारली नाही. पण ज्यांना बरे वाटले त्यांचा अनुभव खोटा मानण्याचे कारण नाही. धुराच्या शहरातून आलेला, अवजड भोजनाने व मद्याने सुस्तावलेला, दिवसाचे बारा तास हिशेबाच्या वह्यांवर वाकलेला मनुष्य काही आठवडे स्वच्छ हवेत राहिला, साधे जेवला, वेळेवर निजला आणि रोज काही मैल चढउतार चालला, तर त्याच्या शरीराने त्याचे आभार मानावेत हे स्वाभाविकच आहे. त्यात पाण्याची कामगिरी ही की ते उंचावर होते. आपल्याकडे देवस्थान डोंगरावर असले म्हणजे दर्शनाइतकेच पायऱ्यांचेही पुण्य लागते असे आपण मानतो. जेजुरीचा गड चढून गेलेल्याला हे निराळे सांगावे लागत नाही. पाण्याने माणसाला घरातून बाहेर काढले, आणि बाहेरच्या माळाने पुढचे काम केले. १८६५ साली रेल्वे आली, तेव्हा उपचारगृहांचा खर्च ज्यांना झेपत नसे असे गिरणीकामगारही रविवारी या वाटांनी चालू लागले. आणि उपचारगृहे एकामागून एक बंद पडली, कोठे महाविद्यालय आले, कोठे राहत्या सदनिका झाल्या, तरी चालणाऱ्यांची रीघ थांबली नाही.

व्हाइट वेल्सवरून पूर्वेकडे वळणारी वाट रॉकी व्हॅली या खडकांच्या घळीतून गाय-वासरू नावाच्या प्रसिद्ध कड्याकडे जाते. एक अजस्र कडा आणि त्याच्या पुढ्यात सुटा पडलेला प्रचंड धोंडा, असे हे युगुल दूरच्या खोऱ्यातूनही दिसते. रॉम्बल्ड नावाचा राक्षस आपल्या संतापलेल्या बायकोपासून पळत सुटला असता त्याची टाच या कड्यावर पडली आणि वासरू गायीपासून विलग झाले, अशी लोककथा आहे. आणि त्या बायकोने ओच्यात भरलेले दगड जेथे सांडले तेथे माळावर आजही दगडांची एक मोठी प्राचीन रास दाखवितात. या कड्यावरून वारा कसा वाहतो याचा अनुभव घेतल्यावर त्या गाण्याचे मर्म कळते, जे यॉर्कशायरचे लोक आपले प्रांतगीत म्हणून गातात. कँटरबरीच्या टॉमस क्लार्क या चर्मकाराने १८०५ साली प्रसिद्ध केलेल्या एका भजनाच्या चालीवर स्थानिक बोलीत रचलेले ते गाणे, प्रेयसीला भेटण्यासाठी टोपी न घालता या माळावर गेलेल्या तरुणाला उद्देशून आहे. त्याला थंडी बाधेल, तो मरेल, त्याला पुरावे लागेल, त्याला किडे खातील, किड्यांना बदके खातील, आणि बदकांना आपण खाऊ, अशी त्यातील परंपरा आहे. ते हसत हसत गातात, पण अन्नापासून भूते आणि भूतांपासून पुन्हा अन्न हे चक्र ज्यांच्या तत्त्वज्ञानाचा आरंभ आहे, त्यांना त्या हास्यामागचे गांभीर्य ओळखता येईल. टोपीचा सल्ला मात्र अक्षरशः घ्यावा. पायांत घट्ट बांधलेले जोडे, अंगावर पाऊस अडविणारा कोट, आणि धुके उतरले तर परत फिरण्याची तयारी, एवढे असल्यावाचून माळमाथ्याकडे निघू नये.

माळाच्या खडकांना दुसरेही एक विलक्षण वैभव आहे. सुमारे चार ते पाच हजार वर्षांपूर्वी, नवाश्मयुगाच्या अखेरीस आणि ताम्रकांस्ययुगाच्या आरंभी, येथील लोकांनी या खरखरीत दगडांवर वाटीसारखे खळगे आणि त्यांच्याभोवती वर्तुळे कोरली; अशी शेकडो शिल्पे रॉम्बल्ड्स मूरवर नोंदली गेली असून त्यांची एवढी दाटी युरोपात फार थोड्या ठिकाणी आढळते. ती कशासाठी कोरली, हे कोणत्याही लेखाने सांगितलेले नाही. गावाच्या पश्चिमेस वूडहाऊस क्रॅग या कड्यावर, व्हार्फचे सारे खोरे जेथून दिसते अशा जागी, लोखंडी गजांच्या आत एक शिळा आहे. तिच्यावर वळणदार चार भुजांची, भुजांमध्ये वाटीसारखे खळगे असलेली आणि एका बाजूस आकडीसारखा फाटा फुटलेली आकृती आहे. तिला स्वस्तिक शिळा म्हणतात. मूळ कोरीवकाम इतके झिजले आहे की पुढ्यात नंतरच्या काळी तयार केलेली प्रतिकृती ठेवावी लागली, आणि बहुतेक प्रवासी तिलाच मूळ समजून परततात. उंबरठ्यावर रोज स्वस्तिक रेखणाऱ्या घरातून आलेल्या माणसाचे पाऊल येथे थबकते. परंतु आकृतीचे साम्य हा अर्थाच्या साम्याचा पुरावा नव्हे. या शिळेचे जवळचे नाते उत्तर इटलीतील व्हाल कामोनिका या खोऱ्यातील तशाच आकृतींशी दिसते, आणि तेथूनही काही निश्चित अनुमान निघत नाही. तिचे वयही वादग्रस्त आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवर अलीकडच्या काळात उजेडात आलेली कातळशिल्पे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही मौनाची भाषा परिचित आहे: उघडा कातळ, वर आकाश, आणि मध्ये कोणा अनामिक हाताने केलेली खूण, जी आपल्याशी बोलू पाहते आणि जिची लिपी हरवली आहे. इल्क्लीच्या कातळांवरील वाट्यांत पावसाचे पाणी साठते व त्यात आभाळाचा तुकडा उतरतो. कोरणाऱ्यांच्या मनात हे होते की नाही कोण जाणे, पण ते पाहिल्यावाचून पुढे जाववत नाही.

येथून वर, गावापासून सुमारे दोन मैलांवर, माळाच्या पाठीवर बारा दगडांचे एक वर्तुळ उभे आहे. त्याला बारा प्रेषित हे ख्रिस्ती नाव असले तरी ते ख्रिस्ताच्या बरीच शतके आधीचे आहे. जुन्या काळी ब्रॅडफर्डकडील लोक डिक हडसन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खाणावळीवरून याच वाटेने माळ ओलांडून इल्क्लीस येत. वर्तुळाजवळ उभे राहिले असता चारी दिशांना मनुष्यवस्तीचे चिन्ह दिसत नाही, आणि ही भूमी आदिकालापासून अशीच असावी असे वाटते. वस्तुतः एके काळी येथे अरण्य होते. प्रागैतिहासिक माणसाने ते हळूहळू तोडले व जाळले, पाऊस वाढला, उघड्या जमिनीतील पाणी साठून राहू लागले, आणि त्या आम्लधर्मी ओलाव्यात मेलेल्या वनस्पती न कुजता थरांवर थर साचत गेल्या. हेच ते पीट. वर्षाला सुमारे एक मिलिमीटर, एवढ्या संथ गतीने ते वाढते, म्हणजे मीटरभर पीट म्हणजे हजार वर्षांचा संचय. त्यावर वाढणारे स्फॅग्नम नावाचे शेवाळ आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. पाऊस पडला की माळ तो पितो, आणि उघडीप झाली की थेंबाथेंबाने झऱ्यांना देतो. खालच्या गावाला पूर येऊ नये आणि उन्हाळ्यात झरे आटू नयेत, याचा बंदोबस्त या शेवाळाच्या हाती आहे. आणि त्या काळ्या थरात जो कार्बन कोंडलेला आहे तो हवेत जाऊ नये हे साऱ्या जगाच्या हिताचे आहे.

ऑगस्टमध्ये येथे हेदर फुलते आणि मैलच्या मैल जांभळे होतात. वसंतात लांब वाकड्या चोचीच्या कर्ल्यू पक्ष्याची थरथरती शीळ, टिटवीच्या कुळातल्या लॅपविंगची आर्त हाक, आणि पायाखालून अचानक उडणाऱ्या रेड ग्राऊसचा खडखडाट, हे या माळाचे संगीत. हे पक्षी जमिनीवरच घरटी करतात, म्हणून त्या दिवसांत कुत्रे साखळीत ठेवून वाटेवरूनच चालावे. माळाची मालकी जमीनदारांकडून पुढे गावाच्या नागरी संस्थेकडे आली, आणि १९७४ च्या स्थानिक कारभाराच्या पुनर्रचनेत ब्रॅडफर्डच्या नगरसत्तेकडे गेली; ग्राऊसच्या शिकारीचा जो मक्ता ती नगरसत्ता देत असे, त्याचे नूतनीकरण न करण्याचा निर्णय तिने २०१८ साली घेतला. त्यानंतरच्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत माळाला मोठी आग लागली, आणि हजारो वर्षांचा ओला ठेवा किती थोड्या वेळात धोक्यात येतो हे गावाने आपल्या डोळ्यांनी पाहिले.

उतरताना बॅकस्टोन बेक या ओढ्याची सोबत घ्यावी. त्याच्या पात्राशी एका शिळेवर सायमन आर्मिटेज या यॉर्कशायरच्याच कवीची कविता कोरलेली आहे. २०१२ साली पुऱ्या झालेल्या या उपक्रमात त्याने पाण्याच्या सहा रूपांवर, म्हणजे हिम, पाऊस, धुके, दव, डबके आणि ओढा यांवर कविता रचल्या आणि मार्सडेनपासून इल्क्लीपर्यंतच्या सत्तेचाळीस मैलांच्या डोंगरवाटेवर त्या दगडांत कोरविल्या. पाच हजार वर्षांपूर्वीच्या खळग्यांच्या शेजारी आजची अक्षरे आली. ऊन-पावसाने तीही झिजतील, आणि हे जाणूनच ती कोरलेली आहेत.

ओढा आपल्याला नदीकाठी आणून सोडतो. येथे, ऑल सेंट्स चर्चच्या परिसरात, इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन सैन्याचा किल्ला होता. चर्चमध्ये सॅक्सन काळातील तीन कोरीव क्रूसस्तंभ जपून ठेवले आहेत. याच गावी सापडलेल्या एका रोमन वेदीवर असा लेख आहे की लिंगोनेस लोकांच्या दुसऱ्या पलटणीचा अधिकारी क्लोडियस फ्रोन्टो याने ती व्हर्बेया देवीला अर्पण केली. व्हर्बेया ही व्हार्फ नदीचीच अधिष्ठात्री देवता असावी असे विद्वान मानतात, आणि दोन हातांत दोन सर्प धरलेली जी स्त्रीमूर्ती चर्चमध्ये आहे ती तिचीच असावी असा तर्क आहे. परक्या मुलखातून आलेल्या सैनिकाने मुक्कामाच्या गावची नदी देवता मानून तिला नमस्कार करावा, ही गोष्ट कृष्णामाईला ओटी भरणाऱ्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही.

जवळच्या सतराव्या शतकातील दगडी पुलापासून डेल्स वे ही दूरपल्ल्याची पायवाट सुरू होते आणि सुमारे ऐंशी मैलांवर विंडरमियर सरोवराकाठी संपते. पूर्ण वाट चालण्याइतका अवकाश नसला तरी पहिले सहा मैल अवश्य चालावेत, कारण त्यांच्या शेवटी बोल्टनचा मठ आहे. ऑगस्टिन पंथाच्या धर्मबंधूंनी ११५४ मध्ये येथे वास्तव्य केले. आठव्या हेन्रीच्या हुकुमाने १५३९ साली मठ बरखास्त झाला आणि त्याची वाताहत झाली, पण गावकऱ्यांच्या उपासनेचा भाग तेवढा वाचला, आणि तेथे आजही प्रार्थना होते. एका भिंतीपलीकडे छप्पर नाही, आणि अलीकडे दिवे लागतात. नदी येथे रुंद आणि शांत असून पायऱ्यांच्या दगडांवरून ती ओलांडता येते. थोडे वर गेले की तीच नदी स्ट्रिड नावाच्या खडकांच्या चिरेत, उडी मारून पार करता येईल असे वाटण्याइतकी अरुंद होते. तशी उडी मारू पाहणारे अनेक जण शतकानुशतके तेथे बुडाले आहेत, कारण रुंदीत जे कमी झाले ते सारे नदीने खोलीत आणि वेगात साठविले आहे. तिच्याकडे दुरूनच पाहावे.

आता आपण जेथून निघालो त्या प्रश्नाकडे परत आलो आहोत. २०२० च्या डिसेंबरमध्ये इल्क्लीजवळील व्हार्फच्या पात्राला स्नानयोग्य जल म्हणून शासकीय दर्जा मिळाला. इंग्लंडातील नदीच्या पात्राला असा दर्जा मिळण्याची ती पहिलीच वेळ. हा दर्जा नदी स्वच्छ होती म्हणून दिला गेला नाही. जोराच्या पावसात मैलापाण्याच्या नळांतून वाहून येणारी घाण थेट नदीत सोडली जात असे, हे पाहून गावच्या नागरिकांनी स्वतः पाण्याचे नमुने गोळा केले, पुरावे मांडले आणि हा दर्जा मागून घेतला, कारण तो मिळाला की १५ मे ते ३० सप्टेंबर या स्नानाच्या हंगामात पाण्याची अधिकृत तपासणी करणे कायद्याने बंधनकारक होते. तपासणी झाली, आणि नदीच्या पाण्याला निकृष्ट ही श्रेणी मिळाली. त्या निकालाने गाव खचले नाही. दोष अधिकृत दप्तरात नोंदला गेला, म्हणजे तो नाकारण्याची सोय उरली नाही, हे त्यांचे पहिले यश होते.

डोंगराच्या माथ्यावर अजूनही ते पाणी पूर्वीसारखेच थंड आणि निर्मळ उगवते. दोन-तीन मैलांच्या उतारावर, माणसांच्या वस्तीतून जाता जाता, त्यात जे मिसळते ते आपले असते. ज्या गावाने शंभर वर्षे रोग्यांना सांगितले की आमच्या पाण्यात काही नाही म्हणून ते प्या, त्या गावच्या लोकांनी आज नदीकाठी वाकून, स्वच्छ बाटलीत पाण्याचा नमुना भरावा आणि तो प्रयोगशाळेकडे पाठविताना मनात एकच इच्छा धरावी की यात काहीही सापडू नये, हाच मला व्हर्बेयेच्या वेदीवरचा आजचा नैवेद्य वाटतो.